ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग सुरू केलं की गेम अडखळतो : माझा अनुभव

लक्षण असं: गेम एरवी नीट चालायचा, पण रेकॉर्डिंग सुरू केलं की ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरच्या खालच्या पट्टीत ‘एन्कोडिंग ओव्हरलोडेड’ (व्हिडिओ फाइल बनवायचं काम झेपत नाही) यायचं आणि व्हिडिओ अडखळायचा. मशीन सातव्या पिढीचं इंटेल आय-थ्री, 8 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही.

गेमचे ग्राफिक्स कमी केले, विंडोज नव्याने टाकलं. भुसावळचा मे महिना, म्हणून कॅबिनेट उघडून पंख्यातली धूळही काढली. तापमान उतरलं, अडखळणं तसंच. दोन आठवडे नुसता वैताग.

जमलं ते या क्रमाने. ओबीएस ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. सेटिंग्जमध्ये आउटपुटवर जाऊन एन्कोडर (व्हिडिओ फाइल बनवणारा भाग) ‘सॉफ्टवेअर’ऐवजी ‘हार्डवेअर क्यूएसव्ही’ करा. खरं दुखणं इथेच होतं. सॉफ्टवेअर एन्कोडर सगळं काम सीपीयूकडून करून घेतो आणि गेमलाही तोच सीपीयू लागतो. क्यूएसव्ही इंटेलच्या चिपमधला वेगळा भाग वापरतं. मग व्हिडिओमध्ये आउटपुट 1280×720, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम्स) 30. सोर्समधून ‘डिस्प्ले कॅप्चर’ काढून ‘गेम कॅप्चर’ घ्या. शेवटी गेमच्या सेटिंगमध्ये एफपीएस 60 वर बांधा, नाहीतर ग्राफिक्सची सगळी ताकद गेमच खातो.

रेकॉर्डिंग फाइलचा फॉरमॅट मात्र एमकेव्हीच ठेवा. आमच्याकडे भर दुपारी लाइट जाते. साधी एमपी4 फाइल अर्धवट राहिली की उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते. नंतर फाइल मेनूतल्या ‘रिमक्स रेकॉर्डिंग्ज’ने तिची एमपी4 होते.

काल धाकट्या भावाने सलग 40 मिनिटं रेकॉर्ड केलं. स्टॅट्समध्ये एन्कोडिंग लॅगमुळे सुटलेल्या फ्रेम्स: 0.