मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवास: वेळेच्या हिशेबात या चुका टाळा

रात्री १ ला मुंबईहून सुटणार, त्याच सकाळी ७ ला न्यूयॉर्कला उतरणार. म्हणजे सहा तासांत अमेरिका? अर्थातच नाही. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची न्यूयॉर्कची. वजाबाकी करायची तर आधी दोन्ही एकाच घड्याळात आणा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. तिथले सकाळचे ७ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेपाच, म्हणून प्रवास साडेसोळा तासांचा. परतताना गंमत उलटी: दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला मुंबईत, घड्याळात २५ तास, पण विमानात साडेचौदाच.

हे साडेदहाही वर्षभर चालत नाहीत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊ तासांचा राहतो. घड्याळं बदलतात त्या दिवसांच्या आसपास विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला वेळ सांगताना तिकिटावरचीच सांगा, स्वतः हिशेब करून नको.

सगळ्यात महागात पडते ती मध्यरात्रीची तारीख. तिकिटावर १५ तारीख, ००:४० असं असेल, तर घरातून १४ ला संध्याकाळीच निघायचं. १५ ला रात्री जेवूनखाऊन बॅगा घेऊन पोचलात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे आईबाबा एकटे जाणार असतील तर त्यांना तारखेऐवजी वार सांगा: 'मंगळवारी रात्री जेवून निघायचं.'

आता अंतर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली की रेघ अरबस्तान, सहारा असं करत जाते. त्या रेघेने अंतर १४,२०० किमीच्या आसपास भरतं. पृथ्वी गोल असल्याने खरी जवळची वाट उत्तरेकडून, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जाते. ती साधारण १२,५०० किमी. आकडा ७,८०० च्या घरात दिसला तर तो मैलांत आहे, ६,८०० च्या घरात असेल तर सागरी मैलांत.

या १२,५०० ला ताशी ९०० ने भागून 'चौदा तास' म्हणणंही फसवं. वरच्या थरातले जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी. वेळापत्रकात धावपट्टीपर्यंत सरकण्याचा वेळही धरलेला असतो. शिवाय सरळ वाट प्रत्येकाला मोकळी नसते: रशियाने २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. वळसा आला की वेळ वाढलीच. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या किंवा जुन्या तिकिटावरून अंदाज बांधू नका. आपल्याच फ्लाइट नंबरला गेल्या आठवड्यात खरोखर किती तास लागले, ते विमान ट्रॅक करणाऱ्या अ‍ॅपवर दिसतं.