नागपुरात बसून जिताड्याचा माग

नागपूरहून समुद्र गाठायचा म्हणजे एक अख्खी रात्र रेल्वेत जाते. तरी दर हिवाळ्यात मी ती रात्र काढते आणि अलिबागकडच्या एका खाडीत जिताडा नावाच्या माशांच्या पाठीला, ते कुठे फिरतात हे कळावं म्हणून, नंबर लावायला जाते. एरवी इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. "मॅडम, आम्हीपण येतो ना" म्हणणाऱ्या पोरांना दरवर्षी तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते. यातलं निम्मं काम इथेच, समुद्र न बघता शिकायचं आहे.

आधी मासा ठरवा. पापलेटचा मोह नको. २०२३ मध्ये ते राज्यमासा झालं हे खरं, पण जीव नाजूक. जाळ्यातून सोडवेपर्यंतच मान टाकतं. जिताडा दणकट. शिवाय त्याच्याबद्दलचा प्रश्न नेमका आहे. तो वाढतो खाडीत, खाजणात (भरतीचं पाणी शिरणाऱ्या पाणथळीत), गोड्या पाण्यातसुद्धा. अंडी घालायला मात्र खाडीच्या मुखाकडे उतरतो. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी माद्या होतात. म्हणजे ज्याची शेपूट टोपलीबाहेर लोंबते तो बहुधा मादी. तेवढेच वेचून उचलले तर अंडी घालणार कोण? त्या कोणत्या आठवड्यात कोणत्या मुखाशी जमतात हे कळलं, तर तेवढ्या जागी तेवढे दिवस जाळं थांबवा असं कोळ्यांपुढे मांडता येतं. "मासेमारी बंद करा" असं मोघम सांगणाऱ्याला तिथे कोणी चहासुद्धा विचारत नाही.

आता नंबराचा बिल्ला. बोटभर लांबीची पिवळी किंवा नारिंगी प्लास्टिकची नळी, तिच्यावर नंबर आणि फोन, आणि एका टोकाला आडवी काडी. बसवायला जी बंदूक लागते ती तुम्ही सीताबर्डीत शंभर वेळा पाहिली आहे: कपड्यांवर किमतीची चिठ्ठी लावतात तीच जात. मी पहिले दोन दिवस जुन्या उशीवर हात बसवला, मग बाजारातून आणलेल्या मेलेल्या रोहूवर, आणि मग कामठी रोडकडच्या एका शेततळ्यात जिवंत रोहूवर. तळेवाले भाऊ ओळखीचे, तरी आधी विचारा.

सुई शिरते ती पाठीवरच्या पराच्या मागच्या अर्ध्या भागाखाली, डाव्या बाजूला. एक खवला काढा, सुईचं टोक डोक्याकडे तिरपं ठेवा, म्हणजे पोहताना नळी शेपटीकडे पडून राहते. पराखाली काट्यांची रांग असते. आडवी काडी त्या काट्यांच्या पलीकडे जाऊन अडकली पाहिजे. सुई थोडी फिरवून बाहेर काढा, नळी हलकेच ओढून बघा. मी हे ओढून बघणं टाळलं होतं. काडी नुसत्या मांसात राहिली, आणि पंधरा दिवसांनी जाळं फिरवलं तर वीसातल्या सहा रोहूंच्या पाठी मोकळ्या. जिताड्याच्या बाबतीत हेच झालं असतं तर मी सहा मासे हरवले असं समजून बसले असते.

हात ओले ठेवा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो, मग जखमेपेक्षा बुरशीच त्याला आधी मारते. डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं की मासा शांत होतो. पाण्याबाहेर एक मिनिटाच्या आत काम उरका. "थांबा, एक फोटो" म्हणणाऱ्याला नोंदवही धरायला बसवा. वीतभर पिल्लं तशीच सोडून द्या. आणि नागपूरकरांनो, मे महिन्यात सराव करायचाच असेल तर पहाटे सहाला. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि दोष तुमच्या सुईवर येतो.

नोंदीत नंबर, तारीख, वेळ, फोनवरून घेतलेलं ठिकाण, लांबी आणि ती कुठून कुठवर मोजली हे लिहा. सोबत तिथी लिहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. कोळी त्याच हिशोबाने जाळं टाकतात आणि जिताड्याचं अंडी घालणंही चंद्राच्या चालीशी बांधलेलं आहे. माझ्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय या कामात जीपीएसइतकंच वापरून झालंय. मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी आधी काढा. व्हेल शार्क, करवत मासा असलं वन्यजीव कायद्यातलं काही जाळ्यात आलं तर बिल्ला नाही, फक्त सुटका.

एक प्रश्न इथे हमखास येतो: पेंचच्या वाघाला कॉलर लावतात, तशी माशाला का नाही? खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी थोड्याच अंतरात विरून जातात. म्हणून समुद्रात आवाज वापरतात. माशाच्या पोटात छोटी कांडी बसवतात, ती साधारण ६९ किलोहर्ट्झवर सांकेतिक टिकटिक करते, आणि तळाशी बांधलेलं यंत्र काही शे मीटरवरून ती ऐकून नंबर-वेळ टिपतं. कांडीचं वजन माशाच्या दोन टक्क्यांपलीकडे नको, असा जुना दंडक आहे. ही शस्त्रक्रिया आहे. भूल, टाके, नीतिमत्ता समितीची मंजुरी हे सगळं आलं. ते शिकलेल्या माणसाकडेच सोपवा. नंतरची आकडेमोड मात्र नागपुरात पंख्याखाली होते. दोन माशांची टिकटिक एकमेकींत मिसळली की तिसराच नंबर उमटू शकतो, म्हणून एखाद्या यंत्रावर चोवीस तासांत एकदाच ऐकू आलेला नंबर मी धरत नाही. आणि एकाच यंत्रावर महिनोन्महिने हजेरी लावणारा मासा घरकोंबडाच असेल असं नाही. बऱ्याचदा तो मेलेला असतो, किंवा कांडी गळून तळाशी पडलेली असते.

साध्या बिल्ल्यांचा नकाशा वाचताना याहून जास्त सांभाळा. बिल्ला सापडतो तो जाळं असतं तिथेच. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी, म्हणून पावसाळ्यात नकाशा बराचसा कोरा पडतो. माझ्या एका विद्यार्थ्याने त्यावरून "जिताडा पावसाळ्यात कुठेच जात नाही" असं लिहून दिलं. तो मासेमारीचा नकाशा होता, माशांचा नव्हे. म्हणून बोटी कुठे-कुठे गेल्या याची नोंद बिल्ल्यांच्या नोंदीइतकीच मागा.

आणि बिल्ला परत यायचा असेल तर मासा कापणाऱ्या बाईला तो ओळखता आला पाहिजे. हे चालतं. २०२१ मध्ये ओडिशात पायाला धातूचा बिल्ला लावलेली ०३२३३ नंबरची कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. तिथे कोणीतरी नंबर वाचला, म्हणून कळलं. जिताडा असा वाळूवर येऊन नंबर दाखवत नाही. तेव्हा प्रत्येक बंदरावर, लिलावाच्या ओट्यावर, कोळणींच्या पाटीपाशी जाऊन बसा. बिल्ला दाखवा, हातात द्या. बक्षीस ठेवलं असेल तर त्याच दिवशी पाठवा. एकदा उशीर झाला की त्या बंदरातून पुन्हा फोन येत नाही. आणि महिन्याभरात उलटा फोन करून "तुमचा मासा अमुक ठिकाणी सोडलेला होता" हे सांगा. पैशापेक्षा या फोनची वाट जास्त बघतात.

मुंबईचा बर्फातला मासा नागपुरातही येतो, म्हणून इथल्या मासळी बाजारातल्या एका काकूंच्या दुकानातही मी कागद चिकटवला होता. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला, "मॅडम, तुमची पिवळी दोरी निघाली ना माझ्या मासोळीत!" पिशवी घेऊन धावत गेले. नंबर माझाच, मासा रोहू. तळेवाल्या भाऊंनी सरावाचा माल विकून टाकला होता. ठरल्याप्रमाणे काकूंना बक्षीस दिलं आणि वहीत पहिली नोंद केली: सोडल्याचं ठिकाण, कामठी रोड; सापडल्याचं ठिकाण, नागपूर; प्रवास, टेम्पोने.