गाढवं यायच्या आधी

दहिसर मोरीकडे आमच्या वाडीत दोन गाढवं आली, त्याला आता तिसरा पावसाळा. "आम्हालाही आणायचीत," असा कुणाचा फोन आला की मी आधी छपराचं विचारते. गाढव मूळचं कोरड्या मुलखातलं. घोड्याच्या मानाने त्याचे केस पाणी कमी अडवतात, भिजलं की पार आतपर्यंत भिजतं. तेव्हा पत्र्याची शेड, वाऱ्याकडची बाजू बंद, आणि मुरूम टाकून उंच केलेली जमीन हे सगळं जून लागायच्या आत उरकून घ्या. चिखलात उभं राहून खूर मऊ पडतात, मग सडतात. कुंपण साडेचार फुटांचं ठेवा, काटेरी तार नको. अमेरिकेत १९७१ च्या कायद्याखाली रानातली गाढवं सरकारच दत्तक देतं, तिथेही गाढवासाठी एवढीच उंची मागतात. आपल्याकडचं खरं रानगाढव म्हणजे कच्छच्या छोट्या रणातलं घुडखर. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, ते घरी आणायचा विचारही करू नका. मी बोलतेय ती मोकाट वाढलेली, माणसाचा हात न लागलेली गावठी गाढवं.

कुंपणालगत कण्हेर असेल तर मुळासकट काढा. फुलं कितीही छान असोत, ते जहर आहे. घाणेरीही नको. प्लास्टिकच्या पिशव्या वेचून घ्या.

एकटं गाढव आणू नका. हे मी चूक करून शिकले. दुसऱ्या महिन्यात लंगडतेय म्हणून गाढवीला टेम्पोत घालून डॉक्टरांकडे नेलं आणि तिचा जोडीदार मागे ठेवला. तो रात्रभर ओरडला, ते एक वेळ चाललं असतं. पण सकाळी कडब्याला तोंड लावेना. गाढवाने खाणं सोडलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि बघता बघता जिवावर बेतू शकतं. गाढवीला घेऊन परत आलो, त्याने तिच्या मानेवर तोंड ठेवलं आणि दहा मिनिटांत खायला लागला. त्यानंतर दोघं एकाच टेम्पोतून जातात.

वैरण आधी भरून ठेवा. दीडशे किलोच्या गाढवाला दिवसाला साधारण अडीच किलो सुकं गवत किंवा कडबा पुरतो. शिळा पाव, चपात्या, जिलबी घेऊन येणाऱ्या भाविक शेजाऱ्यांना गोड बोलून थोपवा. जास्तीच्या खाण्याने गाढव लठ्ठ होतं आणि खूर दुखायला लागतात. पाणी मात्र स्वच्छच लागतं, बादलीत पाचोळा पडला तरी हुंगून मागे फिरतात.

घोडा-गाढव बघणारा डॉक्टर आधीच शोधा. अडीअडचणीला परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, पण शिळफाट्याचा ट्रॅफिक धरून हिशोब करा. धनुर्वात आणि रेबीजची लस, जंताचं औषध, आणि ग्लँडर्स या घोड्या-गाढवांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ततपासणी. हा रोग माणसालाही होतो, म्हणून अहवाल येईपर्यंत दुसऱ्या घोड्या-गाढवांत मिसळू देऊ नका.

आता माणसाळवणं. पहिला आठवडा काहीच करायचं नाही, आणि हेच सगळ्यात जड जातं. मी रोज संध्याकाळी पालथ्या बादलीवर त्यांच्याकडे पाठ करून मटार सोलत बसायचे. डोळ्यांत बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. अकराव्या दिवशी मानेवर गरम श्वास आला आणि पदराचं टोक ओढलं गेलं. मी सोलतच राहिले. पुढे हात लावायचा तो खांद्याला. तोंडाला आणि कानांना सर्वांत शेवटी. घाबरलं की गाढव बहुधा पळत नाही, जागीच थिजतं. आपण त्याला हट्ट समजतो आणि दावं ओढतो. ओढू नका, दावं सैल सोडून थांबा. एक पाऊल त्याने स्वतःहून टाकलं की त्या दिवसाचा धडा तिथेच बंद.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे हरी न अडताही दर सहा-आठ आठवड्यांनी पाय धरावे लागतात, कारण खूर वाढतात आणि ते छाटावे लागतात. वरातीच्या घोडेवाल्यांना विचारा, नालबंदाचा नंबर त्यांच्याकडे मिळेल. पहिल्या खेपेला त्याला नुसतंच बोलवा, अवजारांची पिशवी गेटबाहेर ठेवायला सांगा आणि चहा पाजून परत पाठवा.