दीर्घ एकट्या प्रवासाआधी संध्याकाळची तयारी कशी करावी

बॅग कशी भरावी, कुठल्या राज्यात काय पाहावं, याची माहिती हवी तेवढी मिळते. चार-सहा महिने एकट्याने फिरायला निघणाऱ्याला खरी तयारी करावी लागते ती संध्याकाळची. दिवस आपोआप सरतो. एसटी पकडायची, खोली शोधायची, जेवणाचं बघायचं, यात डोकं गुंतलेलं असतं. सहाच्या सुमारास उजेड ओसरतो, खोलीचं दार लागतं, आणि घरी आत्ता काय चाललं असेल हे डोळ्यांपुढे यायला लागतं. प्रवास अर्ध्यावर सोडावासा वाटतो तो बहुतेक याच वेळी. म्हणून ठाण्यात राहत असाल किंवा नेरूळ-ऐरोलीला, निघण्याच्या निदान तीन महिने आधी पुढच्या गोष्टींना सुरुवात करा.

आधी इथल्याच संध्याकाळी एकट्याने काढा

आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. ठाणेकरांनी तलावपाळी किंवा उपवन गाठावं, वाशीकरांनी सागर विहार. फोन खिशात, कानात काही नाही, सोबत कोणी नाही. तासभर बसायचं. सुरुवातीला हात सारखा खिशाकडे जातो, चुळबुळ होते. ती होऊ द्या. काही आठवड्यांनी चुळबुळ कमी होते आणि आजूबाजूचं दिसायला लागतं.

मग एकट्याने जेवायला जा. मामलेदारची मिसळ हा सोपा धडा आहे, कारण तिथल्या गर्दीत कोण कोणाबरोबर आलंय हे कोणी बघत नाही. अवघड धडा शनिवारी रात्रीचा: राम मारुती रोडच्या परिसरातलं कुटुंबांनी भरलेलं हॉटेल, आणि दारातल्या माणसाला सांगायचं, ‘एकच माणूस.’ हे सांगताना आवाज खाली जातो. तो खाली जायचा थांबेपर्यंत जात राहा.

त्यानंतर आठवडाभराची रंगीत तालीम करा. सकाळी ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेस पकडून कुडाळला उतरा आणि तिथून मालवण गाठा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, ते तपासून घ्या. पहिल्या दोन रात्रींची खोली ठरवून जा, पुढच्या रात्रींची तिथे गेल्यावर शोधा. या आठवड्यात एखादी संध्याकाळ वाईट जावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या संध्याकाळी तुम्हाला कशाने बरं वाटलं ते लिहून ठेवा. कोणाला लांब चालल्यावर बरं वाटतं, कोणाला देवळातल्या आरतीला उभं राहिल्यावर, कोणाला चहाच्या टपरीवर बसल्यावर. पुढच्या सहा महिन्यांत ही स्वतःची यादी फार उपयोगी पडते, आणि ती दुसऱ्या कोणाकडून मिळत नाही.

घरच्यांशी नीट बोला

‘एकटीच? कशासाठी? काही झालंय का?’ हे प्रश्न येणारच. त्यांना वाद समजू नका, आईबाबांची ती काळजी असते. मनात आधीच ठरलेलं असेल तर ‘जाऊ का?’ असं विचारू नका. ‘अमुक महिन्यात निघतेय, त्याआधी या या गोष्टी लावून देतेय,’ असं सांगा आणि त्यांना एखादं काम द्या. कागदपत्रांच्या प्रती सांभाळणं, बंद घराच्या खिडक्या अधूनमधून उघडणं, असं काहीही. ज्याच्याकडे काम असतं त्याची काळजी थोडी हलकी होते.

फोनचं वेळापत्रक आधीच ठरवा. रोज रात्री बोलायचं कबूल करू नका. डोंगरात एखाद्या दिवशी रेंज गेली की इकडे घर जागं राहतं. त्यापेक्षा रोज सकाळी मुक्कामाचं गाव कळवणारा एक ओळीचा निरोप आणि आठवड्यातून एकदा निवांत फोन बरा. निरोप किती दिवस आला नाही तर काळजी करायची आणि आधी कोणाला फोन करायचा, हेही एका कागदावर लिहून द्या.

सणांचंही बोलून घ्या. गणपतीला घरी यायचं की नाही हे निघण्याआधीच ठरलेलं बरं. चतुर्थीच्या दिवशी कुठल्या तरी बसस्टँडवर बसून तो निर्णय घेणं फार जड जातं.

घर आणि पैसे

महावितरणचं बिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स आपोआप भरला जाईल अशी सोय करा, गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे द्या. बँकेत आणि विम्यात नॉमिनीचं नाव आहे ना, ते पाहा.

सगळ्यात जपायची वस्तू म्हणजे बँकेला आणि आधारला जोडलेलं सिम. त्याचा रिचार्ज संपला की ओटीपी येत नाही आणि सगळं अडतं. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम चालत नाही. तिकडे जाणार असाल तर आधीच पोस्टपेड करून घ्या. फोनवर *#०६# दाबल्यावर आयएमईआय क्रमांक दिसतो, तो घरी लिहून ठेवा. फोन हरवला तर सरकारच्या ‘संचार साथी’वरून तो ब्लॉक करताना लागतो. ईशान्येकडे जायचं असेल तर अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरसाठी इनर लाइन परमिट काढावं लागतं.

पैशांचे तीन वाटे करा: प्रवासाचा, आजारपणाचा, आणि परतल्यावर निदान तीन महिने घर चालवण्याचा. तिसरा वाटा नसेल तर निघणं पुढे ढकला, असं मी स्पष्टच सांगेन. तो नसला की शेवटचे दोन महिने माणूस फिरत नाही, नुसता हिशेब करतो. दोन बँकांची कार्डं दोन वेगळ्या जागी ठेवा. यूपीआयवर सगळी भिस्त नको, थोडी रोकड जवळ असू द्या.

तब्येत

दात तपासून घ्या. परगावी रात्री दाढ दुखायला लागली की सगळा प्रवास तिच्याभोवती फिरतो. रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत असावी. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या.

मनाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सगळा बेत सांगा आणि स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. नवं वातावरण मिळालं की आपोआप बरं वाटेल, या भरवशावर तर मुळीच नको. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणीबाणीसाठी ११२ आणि रेल्वेसाठी १३९, हेही फोनमध्ये घालून ठेवा.

सामानाबद्दल एवढंच: पाठीवर घेऊन ठाणे स्टेशनचा पूल गर्दीच्या वेळी न थांबता चढता आला पाहिजे. नाही आला तर बॅगेतून काढा.

पहिले पंधरा दिवस

सुरुवात सोप्या गावापासून करा, जिथली भाषा थोडीफार कळते. एका गावी निदान तीन रात्री राहा. रोज गाव बदललं की रोजची संध्याकाळ परकी होते. तिसऱ्या दिवशी चहावाला ओळखीचं हसतो, आणि तेवढ्यानेही खूप फरक पडतो. नव्या गावात दुपारी चारच्या आत पोहोचा, म्हणजे खोली आणि जेवणाची जागा उजेडात पाहता येते. एकट्या पाहुण्याला खोली देतात ना, हे आधी फोनवर विचारून घ्या, विशेषतः धर्मशाळांत.

नर्मदेची पायी परिक्रमा करणारे परिक्रमावासी अंधार पडण्याआधी एखाद्या आश्रमात किंवा गावात आसन लावतात आणि संध्याकाळी मैयाची पूजा-आरती करतात. हजारो किलोमीटरच्या वाटेवर त्यांची संध्याकाळ अशी बांधलेली असते. तुम्ही देव मानत असा वा नसा, संध्याकाळचं एक ठरलेलं काम स्वतःला लावून घ्या. कपडे धुवा, दिवसाचा हिशेब लिहा, गावातून एक फेरी मारा, आणि हे रोज त्याच वेळी करा.

अर्ध्यावरून परत येण्याची मुभाही स्वतःला आधीच द्या आणि घरच्यांना तसं सांगून ठेवा. वाईट संध्याकाळी मात्र तो निर्णय घ्यायचा नाही. आधी झोपायचं, सकाळी नाश्ता करायचा, आणि सलग तीन सकाळी परतावंसं वाटलं तरच तिकीट काढायचं. तत्काळचं बुकिंग गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. त्यासाठी आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते काम निघण्याआधी घरी बसूनच उरका.