पडझडीच्या काळात ब्लॅकहॉक्स कसे बघावेत

शिकागोत नव्याने आलेली मंडळी इथल्या ब्लॅकहॉक्स या आइस हॉकी संघाबद्दल विचारतात, ‘हॉकी बघायचंय, जर्सी कोणाची घेऊ?’ थांबा. आधी त्या खेळाडूचा करार कधी संपतो ते बघा. शेवटचं वर्ष चालू असेल आणि संघ तळाला असेल, तर मार्चच्या सुमारास, म्हणजे अदलाबदलीची मुदत संपायच्या आत, गडी दुसऱ्या गावाला गेलाच म्हणून समजा. पॅट्रिक केनसारखा, 2010, 2013 आणि 2015 असे तीन स्टॅनली कप (एनएचएल या हॉकी लीगचं विजेतेपद) जिंकून देणारा खेळाडूसुद्धा फेब्रुवारी 2023 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. त्याचा अर्धा पगार मात्र शिकागोच्याच पगारमर्यादेत (संघाला खेळाडूंच्या पगारावर जास्तीत जास्त खर्च करता येणाऱ्या रकमेत) मोजला गेला! म्हणून बातमीत नुसतं ‘कोण गेला’ वाचू नका. पगार कोणाच्या माथी आणि बदल्यात ड्राफ्टची, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमातली, कितवी निवड, हे आधी शोधा.

2022 मध्ये डीब्रिंकॅट या खेळाडूला ओटावाच्या संघाला दिलं तेव्हा मीही चरफडलो. पण त्यातून सातवी निवड आली आणि तीवर कोर्चिन्स्की हा तरुण खेळाडू मिळाला. कर्बी डाक हा खेळाडू मॉन्ट्रियलला गेला, त्याच्या बदल्यात आलेल्या तेराव्या निवडीवर नझार मिळाला. तळाला राहिलं की ड्राफ्टची पहिली निवड मिळतेच असं नाही, त्यासाठी सोडत असते. 2023 मध्ये शेवटून तिसरा असूनही शिकागोला ती सोडत लागली आणि पहिल्या निवडीवर बेडार्ड आला.

बाकी भरतीचे गडी लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा एखाद्या शनिवारी रॉकफर्डला आइसहॉग्जचा, म्हणजे ब्लॅकहॉक्सच्या दुय्यम संघाचा, सामना बघा. उद्याची पोरं तिथेच खेळतात. तिकीटही स्वस्त पडतं.