दिवाळीच्या ऑर्डरींच्या गर्दीत ऑनलाइन दुकान सुरक्षित कसं ठेवायचं

फराळ, कंदील, उटणं, साड्या, काहीही विकत असाल तरी घटस्थापना झाली की फोन हातातून सुटत नाही, आणि हे चोरट्यांनाही पक्कं ठाऊक असतं. एरवी जो मेसेज तुम्ही दोनदा वाचला असता तोच धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री बॉक्सला टेप लावता लावता उघडला जातो आणि वर ‘ओके’ पण दाबलं जातं. म्हणून जी कामं आधी होण्यासारखी आहेत ती आधीच उरकायची आणि गर्दीसाठी दोनचार नियम ठरवून ठेवायचे, की त्या वेळी डोकं चालवायलाच लागू नये.

सुरुवात अकाउंटांपासून करा, नवरात्राच्या आधी. पहिला नंबर ईमेलचा, कारण इन्स्टाग्राम, वेबसाइट, डोमेन (म्हणजे साइटचं विकत घेतलेलं नाव), पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) सगळ्यांचे पासवर्ड रीसेट तिथेच येतात, तो गेला की दुकानच गेलं. त्याला वेगळा लांबलचक पासवर्ड द्या, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक कोड मागितला जातो, शक्यतो ऑथेंटिकेटर ॲपवालं, जे तो कोड फोनवरच तयार करतं, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा, नाहीतर फोन बिघडला की ऐन दिवाळीत बसाल बोंबलत. मग व्हॉट्सॲप बिझनेसला सहा आकडी पिन लावा आणि लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघा, काम सोडून गेलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर तुमच्या ऑर्डरी अजून दिसत असू शकतात. डोमेन कधी संपतंय तेही याच बैठकीत बघून घ्या.

स्वतःची वेबसाइट असेल तर दसऱ्याच्या आत वर्डप्रेस, वूकॉमर्स, थीम, प्लगइन (साइटला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) सगळं अपडेट करायचं, न वापरलेले प्लगइन डिलीटच करायचे, आणि एक टेस्ट ऑर्डर टाकून पेमेंटपर्यंत जाऊन बघायचं. त्यानंतर दिवाळी होईपर्यंत सिक्युरिटी अपडेट सोडून कशालाही हात लावायचा नाही, कोणी कितीही भारी काउंटडाउन टायमर दाखवला तरी. पैसेवाले प्लगइन फुकट वाटणाऱ्या साइटवरून काही उचललं असेल तर ते आजच काढा, त्यात चोरट्यांसाठी मागचं दार ठेवलेलं असण्याची भरपूर शक्यता असते. आणि बॅकअप आहे म्हणून निवांत बसू नका, तो एकदा वेगळ्या जागी उघडून साइट खरंच उभी राहते का ते बघा.

कार्डाची माहिती आपल्या साइटवर घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, गिऱ्हाइकाला सरळ गेटवेच्या पानावर पाठवा. 2018 मधे ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरच्या एका स्क्रिप्टमधे फक्त 22 ओळी घुसवल्या होत्या, आणि तेवढ्यावर लोक भरत असलेली कार्डाची माहिती थेट चोरट्यांकडे जात होती, साइट मात्र छान चालू होती त्यामुळे कोणाला शंका पण नाही आली. आपल्याकडे तर ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराने कार्ड नंबर साठवून ठेवायलाच रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तेव्हा व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो मागवणं बंद म्हणजे बंद.

आता माणसं. 2025 च्या ईस्टरच्या सुमारास मार्क्स अँड स्पेन्सरवर हल्ला झाला तेव्हा चोरटे कोणाची तरी बतावणी करूनच आत शिरले होते, आणि तिथल्या ऑनलाइन ऑर्डरी साधारण सहा आठवडे बंद पडल्या, कंपनीने नफ्यावर 30 कोटी पौंडांच्या फटक्याचा अंदाज दिला. आपल्याकडे अशी बतावणी साध्या मराठीत होते. ‘ताई, कंपनीच्या दिवाळी गिफ्टसाठी 300 बॉक्स पाहिजेत, लिस्ट पाठवलीय बघा’ आणि फाइलच्या शेवटी डॉट एपीके. ती लिस्ट नसते, ॲप असतं, इन्स्टॉल करून परवानग्या दिल्या की तुमचे ओटीपीचे मेसेज वाचायला लागतं. सीझनपुरत्या येणाऱ्या मुलांना हे पहिल्याच दिवशी दाखवा, त्यांना स्वतंत्र लॉगिन द्या, ऑर्डर बघण्यापुरतंच, आणि ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, कुरियरवाल्याला नाही, ‘इन्स्टाग्रामकडून कॉपीराइटची तक्रार आलीय’ म्हणणाऱ्याला तर नाहीच नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक मात्र पेमेंटला होते, तिथे जरा थांबू. गिऱ्हाईक 2,450 चा हॅम्पर घेतं, हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट टाकतं, आणि लगेच ‘दादा रिक्षावाला खाली उभाय, लवकर द्या ना’. स्क्रीनशॉट कोणीही बनवू शकतं, खोटी ॲप्स पण असतात तशी. त्यामुळे नियम असा, की स्क्रीनशॉट बघायचाच नाही, आपल्या बँकेच्या किंवा मर्चंट ॲपमधे रक्कम आणि 12 आकडी यूपीआय रेफरन्स नंबर दिसला तरच बॉक्स दाराबाहेर. रिक्षावाला थांबेल.

दुसरा प्रकार याहून बेरकी. एसएमएस येतो 24,500 जमा, पाठोपाठ फोन, ‘अहो एक शून्य जास्त पडलं हो, आई दवाखान्यात आहे, 22,050 परत करा’. एसएमएस नीट बघा, साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असेल तर तो बँकेचा नाही, आणि नावावरून आला तरी खातं उघडून बघा. तिसरे लोक पैसे ‘घेण्यासाठी’ क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगतात, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. रिफंड द्यायचाच असेल तर गेटवेच्या डॅशबोर्डवरून, ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने, दुसऱ्या नंबरवर कितीही गयावया केली तरी नाही. दुकानाबाहेर क्यूआरचं स्टिकर असेल तर रोज सकाळी स्वतः स्कॅन करून नाव आपलंच येतंय ना बघा.

एवढं करूनही पैसे गेलेच तर रडत बसू नका, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, मग बँक, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. चॅट, नंबर, एसएमएस डिलीट करू नका. साइटच हॅक झाली असेल तर चेकआउट बंद करा, होस्टिंगवाल्याकडून लॉग (साइटवर कोण कधी आलं याची नोंद) मागवून ठेवा, आणि सर्ट-इन या सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या सरकारी संस्थेला कळवा, 2022 च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांना त्यासाठी 6 तासच मिळतात. गिऱ्हाइकांचे पत्ते-नंबर गेले असतील तर त्यांनाही साध्या भाषेत सांगून टाका, कारण ‘तुमचं पार्सल अडकलंय’ म्हणून पुढचा फोन त्यांनाच जाणार असतो.

भाऊबीज झाली की सीझनपुरत्या मुलांची लॉगिनं बंद करायची, पासवर्ड बदलायचे आणि पत्त्यांच्या एक्सेल शीटची शेअर लिंक काढून टाकायची. हे काम पाडव्यालाच कॅलेंडरमधे टाकून ठेवा, नंतर कोणाला आठवत नाही.