सुपर मारिओ वर्ल्डचे ‘हॅक’ कसे खेळावेत: पॅच लावण्यापासून पहिल्या कैझो लेव्हलपर्यंत

‘सुपर मारिओ वर्ल्ड’ २१ नोव्हेंबर १९९० रोजी जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या संचाबरोबर आला. त्यात लेव्हलमधून बाहेर पडायच्या वाटा ९६. त्या सगळ्या सापडल्यावरही लोकांचं मन भरलं नाही. २००० साली ‘लुनार मॅजिक’ हा लेव्हल-एडिटर निघाला आणि त्याच गेमच्या पोटात स्वतःच्या लेव्हल रचणं चाहत्यांच्या आवाक्यात आलं. अशा बदललेल्या गेमला खेळणारे ‘हॅक’ म्हणतात. आज असे हॅक हजारांनी मोजावेत इतके आहेत आणि फुकट मिळतात.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या ८-बिट संचांवर जो मारिओ घरोघरी खेळला गेला, तो १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. हा गेम तो नव्हे. संच १६-बिट, कॅसेटही वेगळी; माळ्यावर जुनी कॅसेट सापडली तरी इथे तिचा उपयोग नाही. हातालाही फरक जाणवतो. या मारिओला दोन उड्या आहेत, साधी आणि गिरकीची. तो वस्तू उचलतो, फेकतो, झूल मिळाली की उडतो आणि योशी नावाच्या डायनोसॉरवर बसतो. हॅक रचणाऱ्यांची सगळी करामत याच भांडवलावर चालते.

नवखा माणूस हॅक अर्धवट सोडतो तेव्हा दोष क्वचितच त्याच्या बोटांचा असतो. बहुतेकदा मूळ फाईल चुकीची असते, कंट्रोलरची बटणं उलटी लागलेली असतात, नाहीतर पहिलाच हॅक डोईजड निवडलेला असतो. म्हणून खेळायच्या आधीची तयारी नीट करा.

मूळ फाईल ओळखणं

हॅक पूर्ण गेम म्हणून वाटला जात नाही, कारण आतला मूळ कोड निन्टेन्डोचा आहे. चाहते फक्त फरकाची नोंद वाटतात, तिला पॅच म्हणतात. कापड तुमचं, बेतलेला कागद त्यांचा. मूळ गेमची प्रत स्वतःच्या कार्ट्रिजमधून, संगणकाला यूएसबीने जोडायच्या कार्ट्रिज-रीडरने उतरवून घ्या. आधीच पॅच लावलेल्या आयत्या फाईली कुठे मिळाल्या तर घेऊ नका. त्या बेकायदा तर आहेतच, शिवाय हॅकची जुनी आवृत्ती गळ्यात पडते आणि कधी कधी फाईलच्या वेषात भलताच प्रोग्रॅम संगणकात शिरतो.

कार्ट्रिज अमेरिकन आवृत्तीचं हवं. जवळजवळ सगळे हॅक त्याच आवृत्तीवर रचलेले असतात. जपानी आवृत्तीचा कोड थोडा वेगळा आहे. युरोपीय आवृत्ती ५० हर्ट्झवर चालते, अमेरिकन ६०वर. ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या जुन्या मारिओ गेमच्या संचाबरोबर एकाच कार्ट्रिजमध्ये आलेली प्रतही चालत नाही.

फाईल उतरवली की तिचा नेमका आकार बघा. तो ५,२४,२८८ बाइट असायला हवा. ५,२४,८०० दिसला तर फाईलच्या तोंडाशी ५१२ बाइटचा हेडर चिकटलेला आहे. जुन्या काळच्या कॉपी करणाऱ्या यंत्रांनी ही जोड लावलेली असते, गेमशी तिचा संबंध नाही. आकार जुळला की सेव्हन-झिप हा प्रोग्रॅम असेल तर फाईलवर उजवी क्लिक करून सीआरसी-३२ काढा. हा फाईलच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा, म्हणजे एक प्रकारचा चेकसम. हेडर नसलेल्या अमेरिकन प्रतीचं उत्तर बी१९ईडी४८९ असं येतं. यात एक जरी अक्षर वेगळं आलं तरी पुढे जाऊ नका.

पॅच लावणं

१. मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून ‘रीड-ओन्ली’ करा. प्रत्येक नवा हॅक याच स्वच्छ प्रतीवर चढवायचा असतो. एका हॅकवर दुसरा कधीच नाही.

२. एसएमडब्ल्यू सेंट्रल या संकेतस्थळावर हॅकची यादी आहे. हवा तो हॅक उतरवा आणि झिप उघडा. आत बीपीएस किंवा आयपीएस प्रकारची पॅच-फाईल असते, सोबत बहुधा ‘रीडमी’. ती वाचा, तीन ओळींची असली तरी.

३. ‘फ्लोटिंग आयपीएस’ हा छोटा प्रोग्रॅम उघडा (लोक त्याला फ्लिप्स म्हणतात). ‘अप्लाय पॅच’ दाबा, आधी पॅच निवडा, मग मूळ फाईल.

४. तयार होणाऱ्या फाईलला हॅकचंच नाव द्या. मूळ नाव तसंच ठेवलं की आठवड्याभरात कोणती फाईल कशाची ते कळेनासं होतं.

नवी फाईल मूळ फाईलपेक्षा मोठी निघाली तर दचकू नका. नव्या लेव्हल, चित्रं आणि संगीत यांना जागा लागते. १ ते ४ मेगाबाइट हा नेहमीचा आकार आहे.

बीपीएस पॅच स्वतः मूळ फाईलचा चेकसम तपासतो आणि जुळला नाही तर तक्रार करतो. ती तक्रार डावलून जबरदस्तीने पॅच लावू नका, मूळ फाईल बदला. आयपीएस जुना प्रकार आहे, त्यात ही तपासणीच नाही. तो चुकीच्या फाईलवरही मुकाट्याने लागतो आणि सगळा मजकूर ५१२ बाइट पुढेमागे सरकतो. मग गेम उघडल्यावर पडदा काळाच राहतो. यातली खरी मेख अशी की लुनार मॅजिकच्या जुन्या काळातले बरेच आयपीएस पॅच हेडर असलेल्या फाईलसाठीच केलेले आहेत. जुना आयपीएस हॅक काळा पडदा दाखवत असेल तर हेडर जोडलेली एक प्रत करून तिच्यावर तोच पॅच लावून बघा.

फोनवर खेळायचं असेल तर ‘युनिपॅचर’ हे अँड्रॉइड ॲप किंवा ब्राउझरमध्ये चालणारा ‘रॉम पॅचर जेएस’ हेच काम करतो. मात्र काचेवरच्या बटणांवर कैझो, म्हणजे मुद्दाम अतिशय अवघड रचलेले हॅक, खेळायचा विचार सोडून द्या. बोटाला बटणाची कडच लागत नाही.

इम्युलेटर

जुन्या संचाची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्रॅम म्हणजे इम्युलेटर. स्नेसनाइनएक्स, बीस्नेस किंवा मेसेन यांतला कुठलाही घ्या, पण ताजी आवृत्ती घ्या. झेडस्नेस एके काळी सगळ्यांचा लाडका होता, आता तो वापरू नये. नव्या हॅकमध्ये बऱ्याचदा एसए-१ हा जास्तीचा प्रोसेसर वापरलेला असतो. काही अस्सल सुपर फॅमिकॉम कार्ट्रिजमध्येच तो बसवलेला असे. पडद्यावर शत्रूंची गर्दी झाली तरी गेम मंदावू नये म्हणून हॅक करणारे त्याचा आधार घेतात. जुनाट इम्युलेटरला तो झेपत नाही. उलटंही घडतं: झेडस्नेसवर तपासून रचलेल्या काही जुन्या हॅकचं संगीत अचूक इम्युलेटरवर बिघडतं, कधी गेमच अडकतो. तो दोष हॅकचा आहे, तुमच्या मांडणीचा नाही.

हॅक उघडल्यावर जुना, ओळखीचाच गेम सुरू झाला तर घाईत मूळ फाईल उघडली गेली आहे, एवढंच.

कंट्रोलर आणि उशीर

मूळ कंट्रोलरवर उजवीकडे चार बटणं आहेत. खाली बी, डावीकडे वाय, उजवीकडे ए, वर एक्स. बी म्हणजे साधी उडी, ए म्हणजे गिरकी, वाय किंवा एक्स दाबून धरलं की मारिओ पळतो आणि वस्तू धरतो. एक्सबॉक्सच्या धर्तीच्या कंट्रोलरवर हीच अक्षरं वेगळ्या जागी असतात, तिथे खालचं बटण ए आहे. म्हणून इम्युलेटरमध्ये बटणं लावताना अक्षर जुळवू नका, जागा जुळवा. अक्षरं जुळवली की उडीचं बटण उजवीकडे जातं आणि पळता पळता उडी मारताना अंगठा अवघडतो.

अंगठा बटणांवर आडवा ठेवायची सवय लावा. टोकाने वाय दाबून धरायचं आणि अंगठ्याच्या पेराने बी दाबायचं. गिरकी घ्यायची असेल तेव्हा टोक एक्सवर आणि पेर एवर. पळण्याचं बटण जवळजवळ कधीच सुटत नाही. सुटलंच तर ते हातातली वस्तू मुद्दाम सोडण्यासाठी.

यानंतर येतो उशीर, म्हणजे बटण दाबल्यापासून मारिओ हलेपर्यंतचा वेळ. गेम सेकंदाला सुमारे ६० फ्रेम दाखवतो आणि अवघड हॅकमध्ये दोन-तीन फ्रेमांवर जगणं-मरणं ठरतं. टीव्हीवर खेळत असाल तर ‘गेम मोड’ लावा. ब्लूटूथऐवजी वायरचा कंट्रोलर घ्या. बीस्नेस आणि रेट्रोआर्क (अनेक इम्युलेटर एकत्र चालवणारा प्रोग्रॅम) यांच्यात उशीर कापणारी ‘रन-अहेड’ ही सोय आहे, ती १ फ्रेमवर ठेवून सुरुवात करा. आकडा फार वाढवला तर मारिओ उडी मारायच्या ऐवजी जागच्या जागी वर टपकल्यासारखा दिसतो आणि अंदाज उलट चुकतो.

पहिला हॅक

यादीत दोन मोठे गट दिसतील, ‘स्टँडर्ड’ आणि ‘कैझो’. स्टँडर्ड हॅक मूळ गेमच्या धाटणीचे असतात: नकाशा, लपलेल्या वाटा, संगीत, बेताची अवघडता. ‘सुपर डेमो वर्ल्ड’ हा त्यातला जुना, नावाजलेला हॅक, १२० वाटांचा. मूळ गेम एकदाही पूर्ण केला नसेल तर आधी तो पूर्ण करा, मग स्टँडर्ड.

कैझो या जपानी शब्दाचा अर्थ ‘फेरफार’. टी. ताकेमोतो या नावाने वावरणाऱ्या एका जपानी खेळाडूने मित्राला खेळायला लावण्यासाठी २००७मध्ये ‘कैझो मारिओ वर्ल्ड’ रचला आणि त्यावरून या प्रकाराला नाव पडलं. नाव ऐकून तोच पहिला उघडू नका. त्यात अदृश्य ठोकळे आणि लेव्हल संपल्यावरही मारणारे सापळे भरलेले आहेत, सराव म्हणून त्याचा फायदा थोडा. नंतरच्या पिढीतले हॅक कितीतरी प्रामाणिक आहेत. ‘क्विकी वर्ल्ड’ हा आखूड लेव्हलचा हॅक नवख्यांना आवर्जून सुचवला जातो, आणि तो सल्ला योग्यच आहे. लेव्हल छोटी असली की एकाच युक्तीचा सराव पुन्हापुन्हा होतो.

युक्त्या कोणत्या क्रमाने शिकाव्यात

आधी गिरकी. स्पायनी या काटेरी शत्रूवर साध्या उडीने पडलात तर मरता, गिरकीने पडलात तर उसळी मिळते. फिरत्या करवतीवरही तसंच. गिरकीची उंची साध्या उडीपेक्षा किंचित कमी असते, म्हणून तीच खाच एका उडीने पार होते आणि दुसरीने नाही.

मग पूर्ण वेग. जमिनीवर अडथळ्याविना पळत राहिलं की मारिओ हात पसरतो, त्या क्षणापासून उडी लांब जाते. हात पसरायच्या आधी उडी मारली की समोरच्या कड्याला हमखास कमी पडते. नवखे इथेच सर्वाधिक वेळा मरतात आणि उडीला दोष देतात, चूक मात्र धावेत असते.

तिसरी युक्ती वस्तू हाताळण्याची. वाय सोडलं की वस्तू पुढे फेकली जाते, डावीकडच्या दिशांच्या बटणांतलं वरचं धरून सोडलं की वर जाते, खालचं धरून सोडलं की अलगद खाली ठेवली जाते. उडीत असतानाच वस्तू सोडून लगेच पुन्हा वाय दाबून पकडणं म्हणजे ‘रीग्रॅब’. हे अंगात मुरल्याशिवाय कवचाच्या उडीच्या नादी लागू नका. त्या उडीत कवच भिंतीवर फेकायचं, ते परत येताना हवेतच त्याच्यावर पाय द्यायचा आणि दुसरी उसळी घ्यायची. सुरुवातीला शंभरातून एखादी जमली तरी पुरे.

सरावासाठी सेव्ह-स्टेट, म्हणजे गेमचा तो क्षण जसाच्या तसा गोठवून ठेवायची इम्युलेटरची सोय, बेधडक वापरा. अडलेल्या उडीच्या थोडं आधी एक स्टेट ठेवा, ती उडी सलग पाच वेळा जमली की स्टेट विसरून लेव्हल सुरुवातीपासून खेळा. मारिओ हवेत असताना स्टेट ठेवू नका, प्रत्येक वेळी बटणांची पकड तुटलेली असते आणि चुकीची लय हाताला लागते. बऱ्याच नव्या हॅकमध्ये मेल्यावर लेव्हल लगेच पुन्हा सुरू होते, ती सोय असेल तर स्टेटची गरज आणखी घटते.

प्रगती जपायची ती गेमच्या आतल्या सेव्हने. ती फाईल एसआरएम प्रकारची असते आणि तिचं नाव गेमच्या फाईलसारखंच असावं लागतं. हॅकची नवी आवृत्ती आली की पॅच पुन्हा स्वच्छ मूळ फाईलवर लावा, नव्या फाईलला जुनंच नाव द्या, म्हणजे एसआरएम बहुधा तशीच उचलली जाते. जुने सेव्ह-स्टेट मात्र पुसून टाका. त्यांच्यात आधीच्या आवृत्तीची स्मृती गोठलेली असते आणि ती नव्या कोडवर उघडली की गेम मध्येच कोसळतो.